फिरकीचा तांब्या घेऊन ग्रीसला

मी ग्रीसला जाऊन आले. सकाळच्या गाडीने दुधनीहून निघाले आणि दिवेलागणीला घरी परत होते. पासपोर्ट लागला नाही, विमान लागलं नाही. मळमळलं तेवढं एकदा, तेही रिक्षात.

आमच्या शाळेतल्या कुलकर्णीबाई मध्ये युरोप करून आल्या. तेव्हापासून हळदीकुंकू असो की कुणाचं बारसं, त्यांचं 'आम्ही स्वित्झर्लंडला असताना' सुरू होतं. त्यांच्याबरोबर एका स्टाफरूममध्ये अख्खी नोकरी काढलेल्या माणसाने किती सोसावं यालाही काही मर्यादा आहे. म्हणून निवृत्तीनंतर मीही रीतसर प्रवासवर्णन लिहायला बसले आहे. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते आहे. कुलकर्णीबाईंनी वाचलं तर दुधात साखर.

तर हा ग्रीस जुळे सोलापुरात आहे. माझा पुतण्या मल्लिनाथ याने तिथे 'ग्रीक अंगण' नावाचं फॅमिली रेस्टॉरंट काढलं आहे. खाली लाल अक्षरात 'शुद्ध शाकाहारी' असं लिहिलं आहे, नाहीतर आमच्या घराण्यातलं कुणी पायरी चढलं नसतं. मल्लिनाथ सात वर्षं जहाजावर स्वयंपाकघरात होता. त्याचा मुख्य आचारी ग्रीक होता, त्याच्या हाताखाली हा शिकला.

दुधनी : प्रस्थान

सोबतीला माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या, म्हणजे मल्लिनाथची आई. त्यांना अख्खी दुधनी अक्का म्हणते. स्टेशनजवळ त्यांची खानावळ आहे. पाटीवरही 'अक्काची खानावळ' एवढंच आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, झुणका आणि वर ताक. दीर गेल्यापासून त्यांनी ती एकटीने चालवली आणि त्यातच मल्लूला वाढवलं.

आता मूळ भांडण सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हॉटेल सुरू व्हायच्या आधी मल्लू उद्घाटनाची पत्रिका घेऊन दुधनीला आला. आईच्या पाया पडला आणि मायेने म्हणाला, "अव्वा, भाकरीच्या धुरात तुझे डोळे गेले. आता खानावळ बंद कर आणि माझ्याकडं सोलापूरला ये."

त्यातलं प्रेम बाजूला राहिलं आणि 'बंद कर' तेवढं अक्कांच्या कानात शिरलं. त्यांनी हातातलं उलथणं खाली ठेवलं. अक्का उलथणं खाली ठेवतात तेव्हा काहीतरी गंभीर असतं.

"तुज्या हाटेलात मी पान्याचा थेंब जरी घेतला," त्या म्हणाल्या, "तर नावाची गंगव्वा न्हाय."

गंगव्वा हे त्यांचं खरं नाव. ते मी त्या दिवशी कित्येक वर्षांनी ऐकलं.

वर्ष झालं, अक्कांनी शब्द पाळला. मल्लू दुधनीला यायचा, पोटभर जेवायचा, आई वाढायची, पण हॉटेलचा 'हॉ' कुणी काढायचा नाही. आणि मागच्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. जहाज कंपनीने परत बोलावलं होतं आणि सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

"काकी, मी अव्वासाठी समुद्र सोडून आलो," तो म्हणाला. "तिनंच एकदा येऊन बघितलं नाही, तर मी हितं कुणासाठी राहू? जातो परत."

मी हे अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मला लुगडं घ्यायचंय. सोलापूरला जायाचं तर कवा जायाचं?"

मी म्हटलं, "शनिवारी."

"येते. बसते. बगते. पर तोंडाला कायबी लावनार न्हाय, आत्ताच सांगून ठिवते."

कुलकर्णीबाईंनी युरोपला बावीस किलोची बॅग नेली होती. अक्कांनी ग्रीसला एक फडकं नेलं, त्यात चार कडक भाकऱ्या आणि चटणीची पुडी, आणि दुसऱ्या हातात पितळेचा फिरकीचा तांब्या. आत दुधनीचं पाणी. म्हणजे मुलाच्या हॉटेलात बसून स्वतःची भाकरी खायची आणि स्वतःचं पाणी प्यायचं असा त्यांचा बेत होता. मी कपाळाला हात लावला.

मला भीती होती ती मात्र वेगळ्याच कारणाची. ते आता कबूल करते. ग्रीसच्या क्रीट बेटावर म्हणे जवाची भाकर दोनदा भाजून दगडासारखी कडक करतात. तिच्यावर टोमॅटोचा कीस, चीज आणि ऑलिव्हचं तेल घालून खातात. तिला डाकोस म्हणतात. मल्लूने सोलापुरात त्यासाठी आपली कडक भाकरी वापरायची ठरवली. सोलापुरात कडक भाकरीला काय तोटा! पण त्याला आईचीच हवी होती, आणि आईला सांगायची सोय नव्हती. मग काकी कशाला आहे? मी अक्कांना सांगितलं की सोलापुरातली माझी एक मैत्रीण डबे चालवते, तिला आठवड्याला पन्नास भाकऱ्या पाठवा. वर्षभर दर गुरुवारी अक्कांच्या भाकऱ्या एसटीने ग्रीसला जात होत्या आणि अक्कांना त्याचा पत्ता नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी निर्धास्त असते. पण या आठवड्यात अक्का माहेरी अफझलपूरला गेल्या होत्या. गुरुवार तोंडावर आला. त्या पन्नास भाकऱ्या मी थापल्या.

नवी पेठ : लुगडं आणि तहान

गाडीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सोलापूरला उतरून आम्ही नवी पेठेत गेलो. शनिवारची गर्दी होती. रिक्षा, हातगाड्या, पायी माणसं, आणि त्या सगळ्यांतून अक्का तांब्या छातीशी धरून चालल्या होत्या. दोघांनी विचारलं, "कुणाच्या अस्थी का?" अक्कांनी दोघांनाही कन्नडमध्ये उत्तर दिलं. ते मी लिहीत नाही.

दुकानात गाद्यांवर बसलो. दुकानदाराने रीतीप्रमाणे पाणी मागवलं. अक्का म्हणाल्या, "नको." आणि तांब्याची फिरकी सोडून दोन घोट घेतले. पुन्हा फिरकी घट्ट लावली.

"अक्का, इथलं पाणी प्यायला काय हरकत आहे? शपथ मल्लूच्या हॉटेलाची आहे, सोलापूर महानगरपालिकेची नाही."

"सवय नगं मोडाय," त्या म्हणाल्या.

लुगडं घ्यायला दीड तास लागला. एकूण एक लुगड्याचे काठ त्यांनी उलटे करून बघितले आणि शेवटी पहिलंच घेतलं. मला कळत होतं की त्या वेळ काढत आहेत. बाहेर आल्यावर ऊन असं होतं की माझ्याच घशाला कोरड पडली. मी तांब्याकडे बघितलं, अक्कांनी तो पदराखाली घेतला. मग मी कोपऱ्यावर लिंबू सरबत प्यायले, एकटीने, आणि थोडं मिटक्या मारून.

रिक्षावाल्याला 'ग्रीक अंगण' माहीत नव्हतं. जुळे सोलापूर म्हटल्यावर त्याने जरा विचार केला. "पांढरं-निळं हाय का? पापडावर कोशिंबीर घालून देत्यात ते?"

तो पापड म्हणजे भाकरी हे मला कळलं, मी लुगड्याची पिशवी सावरायला लागले. अक्का बाहेर बघत होत्या. हा माणूस दर गतिरोधकाला आपल्या वैऱ्यासारखा भिडत होता, मला मळमळलं ते इथेच.

ग्रीस

ग्रीस लांबूनच ओळखू येतो. पांढऱ्या भिंती, निळी दारं, निळ्या खुर्च्या. एका भिंतीवर अख्खा समुद्र रंगवला आहे आणि त्याच्याच शेजारी पाटी आहे, 'बेसिनमध्ये पान थुंकू नये'. दुसरी पाटी, 'एकादशीला ग्रीक उपवास थाळी मिळेल'. तिसरी, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे'. तिसऱ्या पाटीखालीच अक्का भाकरीचं फडकं घेऊन बसल्या.

मल्लू धावत बाहेर आला. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात एप्रन. आईच्या पाया पडला.

"आलीस, अव्वा."

"लुगडं घ्याचं हुतं."

"घेतलंस?"

"घेतलं."

तो "बस, मी आलोच," म्हणून आत पळाला. दाराआड जाऊन त्याने डोळे पुसले ते मला दिसलं. अक्कांना समोरचा समुद्र दिसत होता, असं त्या दाखवत होत्या.

वाढायला रफीकभाई होते. पन्नाशीचे, पांढऱ्या दाढीचे, पूर्वी लग्नाच्या पंगतींचं काम बघायचे. त्यांनी पाण्याचे दोन पेले ठेवले. अक्कांनी आपला तांब्या टेबलावर ठेवला आणि एक पेला हळूच माझ्याकडे सरकवला.

"क्या होना अम्मा? हौ बोले तो सब लातूं, थोडा थोडा."

"मला कायबी नको. हिला घाला."

"अम्मा, नक्को नको बोलो. मालिक की अम्मा है तुम."

मग टेबलावर ग्रीस यायला लागला. चाखलं ते सगळं प्रामाणिकपणे लिहिते. पहिल्या वाटीत घट्ट दह्यातली काकडीची कोशिंबीर होती, फक्त लसूण आपल्यापेक्षा धीट. दुसऱ्या वाटीतल्या पिवळ्या गोळ्याला फावा म्हणतात. माझ्या मते ते गार झालेलं पिठलं आहे आणि वर तेलाची धार धरून त्यांनी ते स्वतःच कबूल केलं आहे. वांग्याचं भरीत तर अगदी भरीतच होतं. एवढ्या लांबच्या देशात जाऊन भरीत भेटलं की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पिटा नावाची त्यांची भाकर मऊ असते आणि मधून फुगते. ऑलिव्ह मला आवडलं नाही. चावल्यावर वाटलं की कैरीचं लोणचं कुणीतरी कडू विचाराने घातलं आहे.

द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आला तेव्हा अक्कांचं मौन सुटलं.

"हे काय?"

"द्राक्षाचं पान आहे, अक्का. ग्रीसमध्ये खातात."

"आपल्याकडं शेरडं खात्यात." त्यांनी वाकून पान बघितलं. "औशिद मारलेलं न्हाय न्हवं?"

रफीकभाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं की मालक स्वतः बिनऔषधाच्या बागेतून पानं आणतात आणि तीन पाण्यांनी धुतात. 'तीन पाण्यांनी' हे ऐकल्यावर अक्कांची मान जराशी हलली. मी त्यांना चांगली ओळखते, ती शाबासकी होती.

ग्रीकांची एक रीत सांगायला हवी. ते पदार्थ मध्ये ठेवतात आणि सगळे हात घालून त्यातच खातात. ताट वेगळं नाही, उष्ट्या-खरकट्याचा विचार नाही. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं, आजोबा, आजी, मुलगा, सून आणि चार-पाच वर्षांची नात. त्यांनी मधली ताटली मान्य केली नव्हती. सुनेने आल्या आल्या सगळ्याच्या पाच वाटण्या केल्या आणि आजोबांनी प्रत्येक वाटणीवर शेंगाचटणी घातली. इथे टेबलाटेबलावर मिठाच्या डबीशेजारी शेंगाचटणीची वाटी असते. मूळच्या ग्रीसमध्ये असते की नाही ते कुलकर्णीबाईंनी सांगावं.

अक्का सारखं त्या टेबलाकडे बघत होत्या. आधी मला वाटलं, नातीकडे बघतात. मग लक्षात आलं, त्या ताटल्या बघत होत्या. खानावळीतही त्या गिऱ्हाईकाचं तोंड बघत नाहीत, उठल्यावर ताटात काय उरलं ते बघतात. शेजारच्या ताटल्या चकचकीत रिकाम्या होत्या. अक्कांनी समाधानाने तांब्याची फिरकी उघडून एक घोट घेतला आणि माझ्या जिवात थोडा जीव आला.

तेवढ्यात रफीकभाई मोठी थाळी घेऊन आले. "ये मालिक का खास है, अम्मा. डाकोस."

मी आदल्या रात्री मल्लूला फोन करून बजावलं होतं, सगळं आण पण डाकोस आणू नको. त्याने ते रफीकभाईंना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी स्वतःच थाळी मांडून आणली. थाळी टेबलावर आली. कडक भाकरीचे अर्धे अर्धे तुकडे, वर लाल टोमॅटो, पांढरं चीज, ओव्यासारखं काहीतरी भुरभुरलेलं.

अक्का त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. मग एका बोटाने वरचा टोमॅटो बाजूला सारला. तुकडा उचलला, उजेडात धरला. कानाजवळ नेऊन मोडला. खाणं नाही, नुसतं मोडणं, शपथेत ते बसत होतं. भाकरी 'कट्' न करता 'चर्र' करून वाकली आणि मग तुटली.

"सुशे," अक्का म्हणाल्या.

माझ्या वर्गातली मुलं माझ्या हाकेने उभी राहायची. मी बसल्या जागी उभी राहिले.

"मदी जाड. कडंला फाटकी. ह्या बाजूला तुज्या अंगठीचा वळ हाय. ही तुजी भाकरी हितं कशी आली?"

अंगठीचा वळ खरंच होता. मी थापताना अंगठी काढली नव्हती. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मैत्रीण नाही, डबे नाहीत, वर्षभर तुमच्याच भाकऱ्या इथे येत होत्या, तुम्ही अफझलपूरला गेलात म्हणून या एका आठवड्याच्या मी केल्या, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. शेजारच्या टेबलावरचे आजोबा चटणीचा चमचा हातात धरून ऐकत होते.

मला वाटलं, आता अक्का उठतील, फडकं उचलतील आणि स्टेशनचा रस्ता धरतील. मल्लू सोमवारी जहाजाला होय म्हणेल. आणि या सगळ्याला मी, माझं खोटं आणि माझी अंगठी कारण होईल. मला इतकी लाज वाटली की पायाखालची फरशी दिसेना.

अक्का उठल्या. फडकं उचललं. पण दाराकडे गेल्या नाहीत.

"वरीसभर माजी भाकरी गेली ती गेली," त्या म्हणाल्या आणि आवाज चढला, "पर आज ही? ही असली भाकरी माज्या पोराच्या हाटेलात वाडत्यात व्हय? लोक काय म्हनतील? आनि तुमी," त्या आजोबांकडे वळल्या, "तुमी गप खाल्ली?"

आजोबा गांगरून म्हणाले, "व्हय की. जरा चिवट लागली, पण म्हटलं ग्रीसमदी अशीच असंल."

मल्लू स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. 'माज्या पोराच्या हाटेलात' हे त्याने ऐकलं होतं. हातातली पळी तशीच राहिली.

"जवारीचं पीठ हाय का रं?" अक्कांनी त्याला विचारलं.

"आहे. कामावरची माणसं भाकरीच खातात."

"चल."

ग्रीसच्या अंतर्भागात

प्रवाशांना सहसा इथे प्रवेश नसतो, मला मिळाला, कारण मला कुणी अडवायच्या मनःस्थितीत नव्हतं.

फडक्यातल्या चार भाकऱ्या तेवढ्या टेबलांना पुरणार नव्हत्या. अक्कांनी लुगड्याचा काचा मारला, पीठ चिमटीत घेऊन चोळलं आणि "बरं हाय" म्हणाल्या. ज्वारीच्या पिठाला कढत पाणी लागतं. मल्लूने नळाखाली पातेलं धरलं.

"तुजं पानी नगं." अक्कांनी तांब्या पुढे केला. "ह्येच्यातलं ताप."

शपथ अजून जिवंत होती तर. त्याने दुधनीचं पाणी गॅसवर चढवलं. पीठ मळलं गेलं, परातीत भाकरी फिरायला लागली. अक्कांचा तळवा पडतो आणि भाकरी आपोआप गोल होत जाते, चंद्राला हेवा वाटावा अशी. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. तेही तांब्यातलं. मल्लूने कुणी न सांगता फडक्याचा बोळा केला आणि तव्यावरची भाकरी कडेकडेने दाबायला लागला. लहानपणी खानावळीत हेच त्याचं काम होतं. थापणं तिचं, दाबणं त्याचं. मंद आचेवर एकेक भाकरी वाळत, कडक होत गेली.

भाकरी दाबता दाबता तो म्हणाला, "अव्वा, जहाजावर त्या ग्रीक आचाऱ्यानं मला पहिल्यांदा हे डाकोस खायला दिलं, तवा मला तुझी भाकरीच आठवली. मी तिथंच रडलो. त्याला वाटलं, मिरपूड डोळ्यात गेली."

"मग घरला याचं. हाटेल कशाला काडाय गेलास?"

"तुझी भाकरी मोठ्या ताटलीत ठेवून लोकांना द्यायची होती, म्हणून."

अक्का पुढची भाकरी जरा जास्तच वेळ थापत राहिल्या.

बाहेर रफीकभाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं, "ताजी भाकरी आती है, अम्मा के हात की." तीन टेबलांनी डाकोस मागितले. आजोबांनी आपलं जुनं परत करून नवं मागवलं. पहिल्या चार भाकऱ्या तयार झाल्या तशा अक्का स्वतः बाहेर गेल्या. प्रत्येक टेबलाजवळ उभं राहून त्यांनी भाकरी मोडल्याचा आवाज ऐकला. तो 'कट्' असा यायला लागल्यावरच परत फिरल्या. शेजारच्या नातीला टोमॅटो नको, चीज नको, नुसती भाकरी हवी होती. तिला त्यांनी अख्खी दिली.

बारा भाकऱ्या झाल्या. अक्का पिठाच्या डब्यावर बसल्या. दुपारचा गॅस, सोलापूरचं ऊन, वर सकाळपासून मोजून सात-आठ घोट पाणी. चेहरा लालबुंद झाला होता आणि ओठ कोरडे पडले होते. त्यांनी सवयीने तांब्या उचलला आणि तोंडाला लावला.

तांब्या रिकामा होता. पाणी सगळं भाकऱ्यांत गेलं होतं.

मल्लूने पेला भरला होता, पण तो पुढे आला नाही. तो हातात धरून तसाच भिंतीपाशी उभा राहिला. आईला तिचा शब्द मोडायला लावणार नाही, एवढा तोही तिचाच मुलगा होता. मलाच राहवेना.

"अक्का, समोरच्या दुकानातून बाटली आणू का? ती काही याच्या हॉटेलातली होणार नाही."

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा वर्गात उभी राहिले.

"का गं? हितं काय दुष्काळ पडलाय?"

आणि त्यांनी मल्लूकडे हात केला. त्याने पेला दिला. त्यांनी तो वरून धार धरून एका दमात संपवला. परत पुढे केला. तो भरला, तोही संपला.

"अव्वा," मल्लू भीत भीत म्हणाला, "तू म्हणाली होतीस की घेतला तर नावाची..."

"गंगव्वा न्हाय म्हनले हुते." अक्कांनी पदराने तोंड पुसलं. "मग न्हाय. गंगव्वा म्हनून हाक मारनारा तुजा बा हुता. तो गेला त्याला कैक वर्सं झाली. आता सगळी अक्का म्हनत्यात. ते नाव आता राखू कुनासाठी?"

मला रडू आलं, मी गॅसच्या नावावर खपवलं.

"ते जहाजाचं काय?" अक्कांनी विचारलं.

"सोमवारी कळवायचंय."

"मग कळीव की. म्हनावं, हितं भाकरी दाबाय मानूस न्हाय."

मग अक्का बाहेर येऊन जेवल्या. डाकोस खाल्लं, फावाला "पिठलंच हाय की" म्हणाल्या, ऑलिव्ह एक चावून बघितलं आणि दुसरं फडक्याच्या गाठीत ठेवलं, दुधनीत दाखवायला. द्राक्षाच्या पानाला मात्र हात लावला नाही. शेरडांचा घास आपण घेऊ नये म्हणाल्या.

परत

परतीच्या गाडीत खिडकीला बसायला मिळालं. अक्का मला एकच वाक्य बोलल्या, "इथून पुढं माज्या नावावर तू भाकरी थापलीस तर हात मोडून ठिवीन." मी होय म्हटलं. यापेक्षा स्वस्तात मी सुटले नसते.

दुधनी स्टेशनवर उतरलो. लुगड्याची पिशवी होती, फडकं होतं. अक्कांचा दुसरा हात मोकळा होता, हलका हलका हलत होता.

"अक्का! तांब्या राहिला की ग्रीसमध्ये! मल्लूला फोन करते, उद्या एसटीने पाठवेल."

अक्का न थांबता खानावळीकडे चालत राहिल्या.

"राहू दे की तितंच," त्या म्हणाल्या. "भरून ठिव म्हनावं त्याला."